आहीहीकमध्ये राहायला यायचंय? चापाला तळ्याकाठच्या गावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोत तळ्याकाठी राहतो म्हटलं की नातेवाईक, मंडळातले लोक, ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे साधारण तेच तेच विचारतात आणि दरवेळी फोनवर अर्धंच सांगून होतं. म्हणून सगळं इथं लिहून ठेवतेय. आम्ही टेक्सासहून इथं आलो, त्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्या मराठी माणसाला याचा उपयोग जास्त, पण थेट भारतातून येणाऱ्यांचे प्रश्नही घेतलेत.

हे गाव नक्की आहे कुठं?

मेक्सिकोच्या पश्चिमेला हालिस्को राज्य, त्याची राजधानी ग्वादालाहारा, आणि तिथून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर चापाला तळं. मेक्सिकोतलं हे सगळ्यात मोठं तळं, लांबी 80 किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त 18, खोली मात्र फार नाही. समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरच्या वर आहे. उत्तरेच्या काठाला एका रस्त्यावर ओळीनं गावं लागतात, चापाला, सान आंतोनियो त्लायाकापान, आहीहीक, सान हुआन कोसाला आणि पश्चिम टोकाला होकोतेपेक. आहीहीक हे चापाला नगरपालिकेतलं गाव, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 11,000 च्या वर. त्याच वर्षी त्याला ‘पुएब्लो माहिको’ हा सरकारी पर्यटन दर्जा मिळाला आणि शनिवार-रविवारची गर्दी वाढली.

इतके परदेशी लोक इथंच का येऊन राहिले?

हवा, आणि जवळ असलेला विमानतळ. ग्वादालाहाराचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला म्हणजे आपल्याच बाजूला आहे, ट्रॅफिक नसेल तर पाऊण तासात घरी. पण सुरुवात झाली त्यापूर्वीच, 1940 च्या दशकात चित्रकार-लेखक मंडळी इथं यायला लागली तेव्हा गावात भाडं कमी होतं आणि शांतता भरपूर. त्यातल्या नील जेम्स या अमेरिकन प्रवासवर्णनकार बाईंचं नाव गावात आजही आदरानं घेतात. त्यांनी गावातल्या पोरांसाठी वाचनालय काढलं, चित्रकलेचे वर्ग सुरू केले, आणि पुढं आपली राहती जागा लेक चापाला सोसायटीला देऊन टाकली. ही सोसायटी 1955 पासून आहे, बाग आहे, लायब्ररी आहे, वर्ग चालतात, नवीन आलेल्या माणसाला पहिली ओळखपाळख तिथंच होते. आणि मुलांचे चित्रकलेचे वर्ग अजून चालू आहेत! त्या वर्गांतून शिकलेली काही मुलं पुढं चित्रकार झाली. परदेशी माणसानं गावासाठी काय करावं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

हवामान खरंच वर्षभर छान असतं का?

बहुतेक वर्षभर. पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि तो बराचसा रात्री पडतो, सकाळी उठून बघावं तर रस्ते धुतलेले आणि डोंगर हिरवेगार. नोव्हेंबर ते मे कोरडं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो आणि घरांना हीटर नसतात, विटांची उंच छतं, फरशी, म्हणजे घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते, तेव्हा स्वेटर आणि जाड पांघरूण आणाच. एप्रिल-मे हा आमचा खरा उन्हाळा, डोंगर पिवळे-तपकिरी, धूळ, आणि वणव्यांचा धूर. त्याच दिवसांत झाडांवर एक किडा कर्कश ओरडायला लागतो, इथले लोक म्हणतात हा ओरडायला लागला की महिना-दीड महिन्यात पाऊस, आणि अख्खं गाव मग त्याचा हिशेब करत बसतं. मे महिन्यात येऊन हवा बघितलीत तर तुम्हाला गाव आवडणार नाही, फेब्रुवारीत बघितलीत तर जरा जास्तच आवडेल.

तळ्यात पोहता येतं का? पाणी स्वच्छ आहे का?

पोहणारे फारच थोडे. गरम पाण्यात बसायचं असेल तर सान हुआन कोसालाला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं जा. पण हा प्रश्न कुणी विचारला की मला जरा लांबून सांगावंसं वाटतं.

या तळ्याला लेर्मा नदीचं पाणी येतं, आणि ती नदी इथं पोचेपर्यंत वाटेत पाच राज्यांची शेती, कारखाने आणि शहरं लागतात. म्हणजे पाऊस आपल्याकडं कितीही पडला तरी वरच्या लोकांनी धरणात किती अडवलं, शेतीला किती उपसलं आणि नदीत काय सोडलं त्यावर तळ्याचं नशीब. वर ग्वादालाहारासारख्या मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भार याच तळ्यावर. 1955 च्या आसपास तळं खूप आटलं होतं, आणि 2001-02 मध्ये तर क्षमतेच्या 15 टक्क्यांच्या आसपासच पाणी उरलं. त्या काळातले फोटो गावात जुन्या लोकांकडं आहेत, धक्क्यापासून पाणी इतकं लांब की मधल्या गाळाच्या जमिनीत लोकांनी चक्क शेती केलेली. नंतर भरलं, परत उतरलं, परत भरलं. पाण्याची पातळी रोज जाहीर होते, 97.80 हा आकडा म्हणजे तळं पूर्ण भरलं, आणि पावसाळ्यात कोळी, हॉटेलवाले, आमच्यासारखे लोक सगळे त्या आकड्यावर डोळा ठेवून असतात.

शिवाय जलपर्णी. इथं तिला लीरियो म्हणतात. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला ती काय चीज आहे हे सांगायला नको. वारा फिरला की हिरवा गालिचा एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो, होड्या अडकतात, कोळ्यांची जाळी फाटतात. पांढरा मासा इथला एकेकाळी नावाजलेला, आता तो कमीच दिसतो. चाराल नावाची बोटाएवढी मासळी मात्र अजून मिळते, कुरकुरीत तळून, वरून लिंबू आणि तिखट, मालेकॉनवर म्हणजे धक्क्यावर उभ्यानं खायची. खाणाऱ्यांनी नक्की खा.

तळ्याकाठी राहायला येणाऱ्या प्रत्येकानं घराचा व्ह्यू बघायच्या आधी हे पाण्याचं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आपण नवीन घर बांधतो, बाग करतो, काहीजण स्विमिंग पूल करतात, ते पाणी कुठून तरीच येतं ना.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

नुसतं फिरायला येत असाल आणि तुमच्याकडं अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिझिटर व्हिसा लागत नाही. नसेल तर मेक्सिकोच्या वकिलातीतून काढावा लागतो. व्हिझिटर म्हणून जास्तीत जास्त 180 दिवस मिळू शकतात, पण किती द्यायचे ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की तिथंच दिवस मोजा. आईवडलांना भारतातून बोलवत असाल तर तिकीट काढायच्या आधी वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाही बघा, अमेरिकेमार्गे नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच.

आणि कायमचं राहायचं असेल तर?

‘रेसिदेंते तेंपोराल’ म्हणजे तात्पुरता रहिवासी. अर्ज मेक्सिकोच्या बाहेरच्या कॉन्सुलेटमध्ये करायचा, इथं आल्यावर नाही. पेन्शन, पगार नाहीतर बचत दाखवावी लागते आणि किती दाखवायची ती रक्कम दर वर्षी बदलते, कॉन्सुलेटप्रमाणेही थोडी वेगळी असते, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका, ज्या कॉन्सुलेटमध्ये जाणार त्यांच्याकडूनच घ्या. मंजूर झालं की पासपोर्टवर एक व्हिसा चिकटवतात, तो 180 दिवस चालतो, आणि मेक्सिकोत शिरल्यापासून 30 दिवसांच्या आत इमिग्रेशनच्या ऑफिसात कार्डाची प्रक्रिया सुरू करायची. चापालाला ऑफिस आहे, ग्वादालाहाराला जावं लागत नाही.

इथं एक गोष्ट जपा. विमानतळावर अधिकाऱ्याला तो चिकटवलेला व्हिसा उघडून दाखवा आणि नोंद 30 दिवसांची झालीय ना बघा. गडबडीत त्यानं टुरिस्ट म्हणून आत घेतलं तर पुढं फार त्रास होतो, बरेचदा देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं.

पहिलं कार्ड एक वर्षाचं, मग वाढवून एकूण चार वर्षं, त्यानंतर कायमचं रहिवासी कार्ड. अमेरिकेची नंबरप्लेट असलेली गाडी तात्पुरत्या रहिवाशाला रीतसर परवाना काढून ठेवता येते, कायमच्या रहिवाशाला नाही, हे गाडी आणणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या. नागरिकत्व साधारण पाच वर्षांनंतर मागता येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, मेक्सिकन झालात की भारतीय पासपोर्ट परत करायचा.

खूप स्वस्त पडतं म्हणे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. डॉलरमध्ये कमावलेल्या, डॉलरमध्ये पेन्शन असलेल्या माणसाला भाजी, डॉक्टर, दातांचं काम, बागकाम, रिक्षा-टॅक्सी हे अमेरिकेच्या मानानं कमी पडतं, हे खरं. घरभाडं आता तसं राहिलेलं नाही. आहीहीकच्या मध्यावर बऱ्याच घरांचं भाडं डॉलरमध्ये सांगतात, आणि पेसो वधारला की आमचंही बजेट हलतं.

पण जे मला सांगायचंय ते वेगळं आहे. आपल्याला जे स्वस्त वाटतं ते इथल्या गवंड्याला, हॉटेलात काम करणाऱ्या पोरीला, शाळेतल्या मास्तरांना स्वस्त नाही. त्यांचे आजोबा-पणजोबा चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचे, ती घरं आता सुट्टीच्या भाड्याची झाली, आणि तरुण जोडपी चापालाच्या कडेला, होकोतेपेकला, जिथं परवडेल तिथं जातात आणि रोज बसनं आहीहीकला कामाला येतात. डोंगराच्या उतारावर नवीन सोसायट्या चढत चालल्यात, झाडं जातात, आणि पावसात वरून दगड-चिखल खाली येतो. 2007 च्या सप्टेंबरात सान हुआन कोसालावर डोंगर असाच खाली आला होता.

म्हणून ‘स्वस्त आहे ना’ एवढ्यासाठी येऊ नका. आवडलं तर या, आणि आलात तर सांगितलेलं भाडं देऊन टाकायच्या आधी शेजारी विचारा, उगाच दुप्पट देऊन सगळ्या गल्लीचा भाव चढवू नका, आणि उलट बाजारात भाजीवाल्या आजीशी दोन पेसोसाठी घासाघीसही करू नका. दोन्ही गोष्टी मी लोकांना करताना बघते.

घर विकत घेता येतं का?

येतं. समुद्रकिनाऱ्यापासून 50 आणि सीमेपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं, पण चापाला त्या पट्ट्यात येत नाही, इथं थेट स्वतःच्या नावावर होतं. व्यवहार ‘नोतारियो पुब्लिको’समोर होतो. हा शिक्के मारणारा साधा नोटरी समजू नका, सरकारनं नेमलेला वरिष्ठ वकील असतो आणि खरेदीखताची जबाबदारी त्याच्यावर असते.

सांभाळायचं ते एहीदोच्या जमिनीला. मेक्सिकन क्रांतीनंतर शेतकऱ्यांच्या गटांना दिलेल्या या सामाईक जमिनी, त्या रीतसर खाजगी मालकीत आल्याशिवाय परदेशी माणसाच्या नावावर होत नाहीत. तळ्याचा व्ह्यू, भाव निम्मा, आणि कागद म्हणून नुसतं एक हस्तांतरण पत्र, असं कुणी दाखवलं की सरळ उठून या. आणि पहिलं वर्ष भाड्यानंच राहा, एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक जत्रा त्या गल्लीत काढल्याशिवाय घर घेऊ नका.

घरात पाणी, वीज, गॅस कसं असतं?

नळाचं पाणी पीत नाहीत. प्यायला 20 लिटरचा जार, त्याला गाराफोन म्हणतात, ट्रक गल्लीत ओरडत येतो, माणूस खांद्यावर घेऊन थेट ओट्यापर्यंत आणून ठेवतो, त्याला वर थोडे पैसे द्या. वापरायचं पाणी अंगणाखालच्या हौदात साठतं, पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं, महाराष्ट्रातल्या माणसाला यात शिकायचं काही नाही. अमेरिकेतून आलेले शेजारी मात्र पंप बंद पडला की घाबरतात. गॅस गच्चीवरच्या मोठ्या टाकीत भरून घ्यायचा. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि दर टप्प्याटप्प्यानं वाढतात, सतत जास्त वापर झाला की सबसिडी जाऊन एकदम महागाच्या दरात टाकतात, म्हणून बरेच लोक गच्चीवर सोलर लावतात.

वीज 127 व्होल्टची आहे. भारतातला मिक्सर, वेट ग्राइंडर इथं चालणार नाही, अमेरिकेतला चालतो, पिनसुद्धा तीच. कुकर आणा, उंचीमुळे डाळ-राजमा शिजायला एखादी शिट्टी जास्त लागते.

जेवणाखाण्याचं काय? आपल्या भाज्या मिळतात का?

हा माझा आवडता प्रश्न. बुधवारी आहीहीकमध्ये रस्त्यावर आठवडी बाजार भरतो, तियांगिस म्हणतात, आणि तिथं पहिल्यांदा फिरताना मराठी बाईला फार आनंद होतो. बेर्दोलागास नावानं जुड्या मिळतात ती आपली घोळाची भाजी! तीच ती, लाल दांड्याची, थोडी आंबट. भोपळ्याची फुलं ढिगानं. केलीते म्हणून ज्या रानभाज्या विकतात त्यात माठ-राजगिऱ्याच्या जातीचा पाला असतो. राजगिऱ्याच्या लाह्या गुळात बांधून वड्या करतात, त्यांना अलेग्रिया म्हणतात, उपवासाला चालतात, मी तर एकादशीला त्याच आणते. पिलोनसियो म्हणजे गूळच, सुळक्याच्या आकाराचा, पुरणाला छान लागतो. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची बोंडं, त्याचं सरबत प्रत्येक खानावळीत. चिंच, पेरू, पपई, सीताफळाच्या जातीची फळं, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं आहे. आंब्यांत आतावल्फो जातीचा पिवळाधमक, बिनरेशाचा आंबा येतो, आमरसाला तोच घ्यावा.

नोपाल म्हणजे निवडुंगाची पानं. एक बाई पायाशी टोपली घेऊन बसते, डाव्या हातात पान उभं धरते आणि उजव्या हातातल्या सुरीनं काटे असे झरझर काढते की बघत राहावं, कड कापते, चौकोनी तुकडे करते आणि पिशवीत भरून देते. घरी आणून मिठाच्या पाण्यात उकळून, बुळबुळीतपणा धुवून, मग फोडणीला टाका. आमच्याकडं कांदा, लसूण, मिरची आणि दाण्याचं कूट घालून करतो, भेंडी आवडणाऱ्यांना आवडेल.

न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे हिंग, गोडा मसाला, कढीपत्ता, तूरडाळ, चपातीची कणीक. मसूर, हरभरे, काळे-लाल राजमे गावातच मिळतात. ग्वादालाहारात भारतीय आयटीवाले बऱ्यापैकी आहेत, टीसीएसचं मोठं सेंटर तिथं आहे, त्यामुळे शहरात भारतीय किराणा आणि रेस्टॉरंट सापडतात, पण आम्ही हिंग आणि गोडा मसाला कायम ओळखीच्या माणसाच्या बॅगेतूनच मागवतो.

शाकाहारी माणसाचं बाहेर खाऊन निभेल का?

निभेल, पण नुसतं ‘शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही, चिकन किंवा हॅम त्यात चालत असेल असं समजतात. मांस, चिकन, मासे आणि चिकनचं पाणीसुद्धा नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. भात बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. घोटलेल्या राजम्यात मांतेका म्हणजे डुकराची चरबी असू शकते, ‘सिन मांतेका’ असं विचारून घ्या. विचारलं की नीट सांगतात, राग मानत नाहीत. चीजच्या केसादिया, नोपाल, मशरूम, भाजलेलं कणीस, ताजी फळं यावर दिवस आरामात जातो.

स्पॅनिश आलंच पाहिजे का?

गावात इंग्रजीवर वर्षानुवर्षं काढलेले लोक आहेत. पण तसं राहू नका हो. शेजारच्या घरात लग्न आहे की मयत हे कळत नाही, प्लंबर काय म्हणतोय ते कळत नाही, आणि गाव आपल्याशी फक्त गिऱ्हाईक म्हणून बोलतं. आधी नमस्कार शिका. दुकानात शिरल्यावर वस्तू मागायच्या आधी ‘बुएनोस दियास’, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’, जेवणाऱ्या माणसाच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोवेचो’, वयस्क माणसाशी आदरार्थी ‘उस्तेद’. आमच्या शेजारच्या आजी आधी नुसतं मान हलवायच्या, आता फाटकात खुर्ची टाकून बोलायला बोलावतात आणि माझी क्रियापदं दुरुस्त करतात.

घरकामाला माणूस ठेवला तर काय नियम?

घरकाम करणाऱ्यांनाही कायद्यानं हक्क आहेत, सोशल सिक्युरिटीत नोंद, भरपगारी सुट्ट्या, आणि 20 डिसेंबरच्या आत आगिनाल्दो, म्हणजे वर्षभर काम केलेलं असेल तर कमीत कमी 15 दिवसांचा पगार. दिवाळीच्या बोनससारखाच, फक्त हा कायद्यानं द्यावाच लागतो, मर्जीवर नाही. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या बाईंनाही त्या प्रमाणात द्या. काढून टाकताना किती द्यायचं याचेही नियम आहेत, ते नेमतानाच समजून घ्या. ‘इथं सगळे एवढंच देतात’ असं जुने परदेशी सांगतील, त्यांचं ऐकू नका.

आजारी पडलं तर?

साध्या तापाला मेडिकलच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत डॉक्टर बसतात, फी अगदी थोडी. गावात खाजगी दवाखाने आणि छोटी हॉस्पिटलं आहेत, मोठ्या ऑपरेशनला ग्वादालाहारा. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मेक्सिकोत चालत नाही, हे ज्येष्ठांनी नीट लक्षात ठेवा. रहिवासी कार्डावर इथल्या सरकारी विमा योजनेत पैसे भरून जाता येतं पण आधीपासून असलेल्या काही आजारांना ते घेत नाहीत. साठीनंतर येत असाल तर खाजगी विमा किंवा बाजूला ठेवलेली मोठी रक्कम, दोन्हीपैकी एक पाहिजेच, कारण खाजगी हॉस्पिटल दाखल करतानाच डिपॉझिट मागतं.

अँटिबायोटिक 2010 पासून चिठ्ठीशिवाय देत नाहीत. आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बेकायदा आहेत, बॅगेत आणू नका.

सुरक्षित आहे का?

मी संध्याकाळी मालेकॉनवर एकटी फिरते, प्लाझात म्हणजे गावच्या मुख्य चौकात रात्री मुलं खेळत असतात, आजूबाजूला माणसांचा वावर असतो. घरफोड्या, पाकीटमारी, गाडीतलं सामान चोरणं हे होतं, कुलपं नीट लावा.

पण हालिस्कोमध्ये संघटित गुन्हेगारी आहे आणि तिच्याकडं पाठ फिरवून मी ‘काही नाही हो, एकदम सेफ’ असं लिहिणार नाही. अख्ख्या मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंद 2022 मध्येच एक लाखाच्या पुढं गेली, आणि त्यात हालिस्को वरच्या राज्यांत आहे. ग्वादालाहारात एक मोठा चौक आहे, त्याच्या स्मारकावर बेपत्ता लेकरांचे फोटो लावलेत आणि लोक आता त्या चौकाला बेपत्तांचाच चौक म्हणतात. फावडी घेऊन माळरानावर आपल्या मुलांना शोधत फिरणाऱ्या आया इथल्या आहेत. परदेशी पेन्शनर सहसा यात सापडत नाही, पण ज्या गावात आपण राहतो त्या गावातल्या घरांची ही जखम आहे, ती माहीत असावी. वागायचं म्हणाल तर रात्री हायवेनं प्रवास नको, टोल रोड वापरा, अमली पदार्थांच्या आसपासही जाऊ नका, आणि अमेरिकन सरकारची हालिस्कोबद्दलची सूचना निघायच्या आधी वाचा.

फटाक्यांचा आणि आवाजाचा त्रास होतो म्हणतात?

आवाज आहे. कोंबडे, कुत्रे, गॅसच्या ट्रकचं गाणं, चर्चच्या घंटा, आणि कोहेतेस म्हणजे काठीला बांधलेले बाण, पहाटे सहालाही उडतात. नोव्हेंबरच्या शेवटी गावच्या सान आंद्रेसची जत्रा, 30 तारखेपर्यंत नऊ दिवस, रोजचा मान वेगळ्या व्यवसायाच्या लोकांचा, एक दिवस गवंड्यांचा वगैरे, त्यांनी वर्गणी काढायची, बँड आणायचा, आणि रात्री प्लाझात कास्तियो पेटवायचा. कास्तियो म्हणजे बांबू-लाकडाचा उंच मनोरा, त्याला चाकं, आणि एकेक चाक पेटत जाऊन शेवटी वरचा मुकुट आकाशात उडून जातो. लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या आधी कार्निव्हलला सायाका येतात, बायकांचे कपडे आणि मुखवटे घातलेले पुरुष, पिशवीतून पीठ काढून पोरांच्या अंगावर उधळत पळतात, तुम्हीही सापडलात तर पांढरे होणार.

परदेशी लोक याची तक्रार करतात तेव्हा मला वाईट वाटतं. ही जत्रा आपण यायच्या कितीतरी आधीपासून आहे. झोप नाजूक असेल तर प्लाझापासून लांब घर घ्या, गावाला गप्प करायला जाऊ नका.

इथल्या राजकारणात, आंदोलनात भाग घेता येतो का?

नाही. मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या 33 व्या कलमानुसार परदेशी माणसानं देशाच्या राजकारणात पडायचं नाही. मोर्चा कितीही योग्य वाटला तरी बाजूला राहा. शाळा, वाचनालय, कुत्र्यामांजरांचा दवाखाना, जलपर्णी काढायचं श्रमदान, अशी भरपूर कामं आहेत ज्यात हात लावता येतो.

मराठी माणसं आहेत का? सण कसे करता?

गावात फारशी नाहीत, बहुतेक परदेशी अमेरिका-कॅनडाचे. ग्वादालाहारातल्या भारतीय कुटुंबांबरोबर दिवाळी होते. तोरणाला फुलं कमी पडत नाहीत, कारण झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. इथं तो मृतांच्या सणाला, 1 आणि 2 नोव्हेंबरला लागतो, ऑक्टोबरच्या शेवटी बाजार केशरी होतो, आणि घरोघरी गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला आवडणारं जेवण, पाणी, मेणबत्त्या आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट मांडतात. आम्हीही आमच्या सासूबाईंचा फोटो मांडतो, पुढं झेंडू आणि त्यांना आवडायची ती साबुदाण्याची खिचडी. शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी येऊन वाटीभर मीठ आणून ठेवलं, ते लागतं म्हणाल्या. गुलबाक्षी, निशिगंध, देवचाफा हेसुद्धा इकडचेच, त्यामुळे देवाला वाहायला रोज आपली फुलं असतात.

भारतात फोन कधी करायचा?

मेक्सिकोनं 2022 मध्ये घड्याळ पुढंमागं करणं बंद केलं, त्यामुळे फरक वर्षभर साडेअकरा तासांचा. आपल्या सकाळी 8 ला तिकडं संध्याकाळचे साडेसात.

विंचू असतात का?

असतात, उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला जास्त. बूट झटकून घाला, अंथरूण भिंतीपासून सुटं ठेवा, अंधारात अनवाणी फिरू नका. चावला तर दवाखान्यात जा, औषध मिळतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मिनिटही घालवू नका.

नुसतं बघायला यायचं तर कधी यावं, विमानतळावरून कसं यायचं?

ऑक्टोबरच्या शेवटी या. पाऊस थांबत आलेला असतो, डोंगर अजून हिरवे, तळ्यात पाणी, मृतांच्या सणाची तयारी चालू, आणि थंडीतली परदेशी गर्दी अजून यायची असते, त्यामुळे राहायला जागा मिळते. जमलं तर दुसऱ्यांदा मे महिन्यात या. विमानतळाच्या आतल्या काउंटरवर चापाला किंवा आहीहीक सांगून टॅक्सीचे पैसे आधीच भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि रांगेतल्या गाडीत बसायचं. ग्वादालाहारा शहरात उतरला असाल तर जुन्या बसस्टँडवरून चापालाची बस सुटते, काही थेट आहीहीकलाही येतात. सुट्टे पेसो जवळ ठेवा, बसवाला मोठी नोट घेत नाही. आणि चाकांच्या बॅगा आणू नका, गावातले रस्ते गोट्यांचे आहेत, हातात उचलूनच न्याव्या लागतात.